चांगुणाबाईंची भाजी आणि नर्मदाबाईंची झडप

पनवेलच्या ज्या हाडांच्या दवाखान्यात मी नोकरी केली, तिथे हाडांचे डॉक्टर पहिल्या मजल्यावर बसायचे आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. दोन्ही गुडघे धरून आलेली माणसं जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून वर बघायची, देवाचं नाव घ्यायची आणि चढायच्या आधी जरा टेकायला म्हणून जिन्याखालच्या खोलीत शिरायची. ती खोली माझी. बरेचजण मलाच डॉक्टर समजून साडी किंवा पँट वर करून गुडघा दाखवायचे. मी विचारायचे, "काल रात्री काय जेवलात?" मग त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव यायचा, तो मी निवृत्त होईपर्यंत रोज बघितला. बाई शुद्धीवर आहे ना, असाच काहीसा.

दारावरच्या पाटीवर 'आहारतज्ज्ञ' लिहिलेलं होतं, पण ते कोणी वाचत नसे. काउंटरवरची मुलगी पेशंटला सरळ सांगायची, "खाली भाजीवाल्या मॅडमना भेटून घ्या." पहिली काही वर्षं मला याचा राग यायचा. मी एवढं शिकले ते काय भाजीवाली म्हणवून घ्यायला? पुढे राग गेला, कारण दिवसभर मी तेच तर सांगत होते.

हे काम बाहेरून वाटतं तेवढं सोपं नाही, आणि मी मिरवते तेवढं अवघडही नाही. झिजलेला गुडघा पालेभाजीने भरून येत नाही, हे आधी सांगून टाकते. तसं सांगणारे वैदू आणि जाहिराती आमच्या गावात कमी नव्हत्या. पालेभाजीने होतं ते एवढंच. पोट भरतं आणि वजन फारसं वाढत नाही. ताटातला भाताचा डोंगर उतरला की अंगावरचा भारही उतरतो, आणि गुडघ्याला पाठीवरची गोणी कोणीतरी खाली घेतल्यासारखं वाटतं. शिवाय हाडांना लागणारं बरंच काही त्या पाल्यात असतं. औषध, व्यायाम, गरज पडली तर ऑपरेशन, हे वरच्या मजल्याचं काम. वर चढणाऱ्याचं ओझं कमी करायचं, ते माझं.

खरी अडचण असते ती माणसांकडून खरं काढून घेण्याची. "काय खाता?" असं विचारलं की सगळे संत होतात. दोन फुलके, जराशी भाजी, भात तर चमचाभर. म्हणून मी प्रश्नच बदलला. मी विचारायचे, "काल रात्री भांडी कोणी घासली? कुठली कुठली होती?" भांडी खोटं बोलत नाहीत. ज्या घरात जराशी भाजी होते तिथे कढई छोटी असते, आणि ज्या घरात चमचाभर भात होतो तिथे भाताचा टोप दोन हातांनी उचलावा लागत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. कुवेतहून कायमचे परतलेले एक इब्राहिमभाई होते. पायाचा अंगठा सुजून लाल झालेला, रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलेलं. खुर्चीत बसताबसताच म्हणाले, "बाई, पालक मी कधीच बंद केलाय. हराम समजून! तरी दर्द जात नाही." मी भांड्यांवर आले. त्यांची बेगम शेजारी बसली होती, तिने निमूटपणे सांगितलं, "पायाचा मोठा कुकर. रोज." पाया म्हणजे बकऱ्याच्या खुरांचा रस्सा. मी डोक्याला हात लावला. इब्राहिमभाई मलाच समजावू लागले, "पायाच्या दर्दाला पाया, हे तर आमच्या दादीपासून चालत आलंय. जोड मजबूत होतात." युरिक अ‍ॅसिडचा खरा शत्रू रोज वाटीवाटीने पोटात जात होता आणि बिचाऱ्या पालकाला तडीपार केलं होतं. पालकाने हा आजार वाढतो ही भीती फुकटची आहे, मुतखडा वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, हे पटवायला मला चार खेपा लागल्या. पाया बंद झाला, डॉक्टरांच्या गोळ्या चालू झाल्या आणि अंगठ्याची सूज उतरली. त्या वर्षी ईदला त्यांच्याकडून डबा आला. त्यात शीरखुर्मा होता आणि वर एक पालकाची जुडी ठेवलेली होती. त्या माणसाला चेष्टा कळत होती.

पण मला सांगायचं आहे ते दोन बायकांबद्दल. पनवेलच्या बाजारात चांगुणाबाई भाजी विकायच्या. पळस्प्याच्या पलीकडच्या एका गावातल्या आगरी, अंगाने आडव्या, आवाजाने उभ्या. त्यांच्या शेजारी, मध्ये फक्त एक गटार सोडून, नर्मदाबाई मासळी विकायच्या. त्या उरणकडच्या कोळी. मासळीची आणि भाजीची अशी शेजारशेजार जागा बाजाराच्या नियमात बसत नव्हती म्हणे, पण या दोघींना हलवायची कोणाची छाती नव्हती. तरुणपणापासून त्या तशाच बसत आलेल्या.

त्यांची एक पद्धत होती. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळेला उरलेली मांदेली, करदी, एखादा बोंबील नर्मदाबाई गटारावरून पलीकडे सरकवायच्या आणि उरलेल्या जुड्या चांगुणाबाई अलीकडे. दोन्ही माल दुसऱ्या दिवशी टिकणारा नाही, मग फेकायचा कशाला? ही देवाणघेवाण वजनावर नव्हती. जे उरलं ते तुझं. नर्मदाबाई त्या जुड्या घरी जाताना सुनेच्या माहेरी नाहीतर शेजारणीकडे देऊन टाकायच्या. स्वतःच्या ताटात मासळी आणि भात सोडून त्यांनी कधी काही येऊ दिलं नव्हतं. "पाला काय मानसांनी खायाचा?" असं त्या गिऱ्हाइकासमोर म्हणायच्या आणि चांगुणाबाई पलीकडून ओरडायच्या, "माजं गिऱ्हाईक मोरू नको गो!"

चांगुणाबाई माझ्याकडे आल्या तेव्हा दोन्ही गुडघ्यांनी त्रासलेल्या होत्या. मी पालेभाजीचं नाव काढलं तशा हसत सुटल्या.

"म्याडम, भाजी मी इकते, खात नाय!"

"मग आता खा. भात अर्धा करा आणि शिजवलेली भाजी दोन वाट्या. माठ, चवळई, मेथी, जे असेल ते. आणि दिवसभर मांडी घालून बसू नका, स्टूल घ्या."

त्यांना दुसरा कुठलाच आजार नव्हता. साखर नाही, दाब नाही, मी सगळं विचारून घेतलं होतं. त्यांनी मनावर घेतलं. काही महिन्यांत त्या बऱ्याच उतरल्या. दवाखान्यात शिरताना त्यांचा आवाज आधी यायचा, पण कण्हणं यायचं नाही. मी खूश. भाजीवालीला भाजी खायला लावली, यात मला भलताच पराक्रम वाटत होता.

एकदा त्या दुपारच्या आल्या त्या नर्मदाबाईंना घेऊन. चांगुणाबाईंनी ऐटीत ओळख करून दिली, "ही माजी मैतरीन. हिचंबी गुरघं दुखत व्हतं. तुमी मना सांगितलं, मी तिला सांगितलं. बघा कशी झाली, पोरीवानी!"

नर्मदाबाईंनी पदर सावरून उभं राहून दाखवलं, उजवा गुडघा वाकवून दाखवला. खरंच वजन उतरलं होतं. "भात सोरला," त्या म्हणाल्या, "पाला खाते. आता बसता येतं, उठता येतं. पयले उठायला दोन मानसं लागायची." दोघी माझ्याकडे शाबासकीच्या आशेने बघत होत्या, आणि मी ती देणारच होते.

तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली. पंखा थांबला, वरच्या एक्स-रेची घरघर थांबली, बाहेरचा टीव्हीही बंद पडला. खोली अगदी शांत झाली आणि त्या शांततेत मला टिक टिक ऐकू यायला लागली. बारीक, पण स्पष्ट. खोलीत भिंतीवर घड्याळ नव्हतं. माझ्या मनगटावरचं मुकं होतं. मी टेबलाचा खण उघडून बघितला.

नर्मदाबाई हसल्या. "ते माजं वाजतंय, म्याडम. आतमदी यंत्र बसवलाय ना मुंबईला. लय वर्सं झाली. आमचा मालक रातचा बोलतो, तुजं घड्याल बंद कर, मना झोप येत नाय."

मी खण लावला आणि सगळं विचारून घेतलं. लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप खराब झालेली, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात ती काढून धातूची बसवलेली. अशा माणसाला जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते. नाहीतर त्या झडपेवर रक्ताची गाठ धरते. झडप अडकते, किंवा गाठ सुटून मेंदूकडे जाते. आणि पालेभाजीत एक जीवनसत्त्व असतं, के नावाचं, जे शरीराला रक्त गोठवायला मदत करतं. गोळी एका बाजूने ओढते, पाला दुसऱ्या बाजूने. डॉक्टर गोळीचं माप बसवतात ते माणूस रोज काय खातो त्यावर. नर्मदाबाईंचं माप बसवलं होतं ते मासळीभात खाणाऱ्या बाईसाठी.

मी आवाज शांत ठेवला. "रक्त पातळ व्हायची गोळी घेता ना?"

"हाय ना. रोज. एक दिस चुकवत नाय."

"आणि महिन्याची रक्ताची तपासणी?"

"ती नाय केली आता. बरं वाटत व्हतं, मंग कशाला धंदा सोरून मुंबईला जायाचं?"

"पाला किती खाता?"

"टोपभर."

"कुठला टोप?"

त्यांनी हात पसरून दाखवला. ज्यात घरच्या सगळ्यांचं मासळीचं कालवण व्हायचं, तो. संध्याकाळी गटारावरून अलीकडे जेवढ्या जुड्या यायच्या, तेवढ्या सगळ्या आता त्याच टोपात पडत होत्या. बाकी घरात कोणी पाल्याला शिवत नव्हतं. उरलेलं टाकायचं नाही ही दोघींची सवय. मी चांगुणाबाईंना दोन वाट्या सांगितल्या होत्या, त्या पलीकडच्या घरात जाऊन टोप झाल्या होत्या. त्यांच्यात मासळी वाटली जायची, भाजी वाटली जायची, सुनांच्या कागाळ्या वाटल्या जायच्या, तशी डॉक्टरीही वाटली गेली होती. त्यात चूक आहे असं त्या दोघींना वाटण्याचं कारणच नव्हतं.

"दम लागतो का?"

नर्मदाबाईंनी चांगुणाबाईंकडे बघितलं. "जरासा," त्या म्हणाल्या. "दोन दिस झालं. मना वाटलं, भात सोरला म्हनून."

पुढचं सगळं धावपळीत झालं. आमच्याच दवाखान्यातल्या फिजिशियनना मी जेवणावरून उठवलं. ते एरवी माझ्याशी फक्त चहाच्या साखरेबद्दल बोलायचे, पण त्या दिवशी एका वाक्यात त्यांना सगळं कळलं. समोरच्या लॅबमध्ये रक्त पाठवलं. रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा आला, तो जितका हवा त्याच्या जवळपासही नव्हता. त्यांनी मुंबईला फोन लावला आणि अँब्युलन्स मागवली.

अँब्युलन्सचं नाव ऐकलं आणि चांगुणाबाईंनी माझा हात धरला.

"म्याडम, खरं सांगा. मी हिला मारली काय?"

"नाही हो. असं काही बोलू नका."

"मीच दिली ना जुरी रोज. हिनी नको बोलली तरी दिली."

मी सांगितलं तरी त्यांच्या कानापर्यंत काही पोचत नव्हतं. त्या अँब्युलन्समध्ये चढल्या तेव्हा त्यांचे गुडघे त्यांना आठवले नाहीत. नर्मदाबाई स्ट्रेचरवरून त्यांनाच धीर देत होत्या, "रडू नको गो, माजं यंत्र वाजतंय अजून. आयकतेस ना?"

त्या दिवशी माझं कशात लक्ष लागलं नाही. समोर पेशंट बसायचे, मी त्यांना भांडी विचारायचे आणि उत्तर ऐकायचेच नाही. आयुष्यभर मी लोकांना पालेभाजी खा म्हणत आले. ती खाऊन कोणाचं वाईट होऊ शकतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण ते माझ्या खुर्चीसमोर येऊन बसलं नव्हतं. मी देवाला फारसा त्रास देत नाही, त्या दिवशी दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्मदाबाईंच्या मुलाचा फोन आला. झडपेची सोनोग्राफी झाली होती. "म्याडम, आई बरी हाय. डाक्टर बोलले, झरप मोकली हाय, गाठ नाय. दम अंगात पानी साचल्यानं लागत व्हता. इंजेक्शनं चालू केलीत." मी फोन खाली ठेवला आणि जिन्याखालच्या त्या खोलीत दार लावून रडले. आनंदाने रडणं वगैरे पुस्तकात वाचलं होतं. ते खरं असतं. काउंटरवरच्या मुलीने दार वाजवून विचारलं, "भाजीवाल्या मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही गं, चहा पाठव. साखर घालून."

नर्मदाबाई घरी आल्या, पुढे बाजारातही बसायला लागल्या. एका रविवारी मी मासळी घ्यायला गेले तर तिथे वेगळंच दृश्य. चांगुणाबाईंच्या पुढ्यात कांदे, बटाटे, दुधी आणि लाल भोपळा. हिरवं पान औषधाला नाही. गटाराच्या अलीकडे नर्मदाबाई तोंड फुगवून बसलेल्या. मी दोघींच्या मध्ये उभी राहिले तशी नर्मदाबाईंनी तक्रार सुरू केली.

"म्याडम, हिला सांगा. ही मना पाला देत नाय. सवताबी इकत नाय. माज्याकडं बघतबी नाय."

"नाय देनार," चांगुणाबाई बटाट्यांकडे बघत म्हणाल्या. "पालेभाजीला हात नाय लावनार जल्मात."

मला राग आला आणि हसूही आलं. मी तिथेच, बाजारात, मासळीच्या वासात आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत, माझा दवाखाना मांडला. म्हटलं, अहो बाई, पाल्याचा दोष नाही. दोष एकदम वाढवण्याचा. आणि आता एकदम बंद केलात तर रक्त नको तेवढं पातळ होईल, तोही घोळच. मुंबईच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय? रोज थोडा पाला खा, पण रोज सारखाच. आज टोप आणि उद्या काही नाही, असं नको. त्या मापाला धरून ते गोळी बसवणार आणि रक्त तपासत राहणार. गुडघ्यालाही त्याचा उपयोग आहे. मग पाला सोडायचा कशाला?

चांगुणाबाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. "सारका म्हंजे किती?"

"शिजवून एक वाटी."

"सनावाराला?"

"सणावारालाही."

"मी बाजारात नाय आले तर?"

"तरीही एक वाटी. ते त्यांनी बघायचं."

"ती काय बघनार?" चांगुणाबाई उसळल्या. "तिला माप कलतं काय? टोप करून बसली! मी बघेन." आणि गटारावरून पलीकडे वाकून नर्मदाबाईंना म्हणाल्या, "उद्यापासून मी देईन तेवराच खायाचा. एक पान जास्त नाय, एक पान कमी नाय. आयकतेस ना?"

नर्मदाबाईंचा फुगा फुटला. "आयकते गो," त्या म्हणाल्या, आणि पाटीतला एक बोंबील उचलून पलीकडे टाकला.

त्यानंतर मी प्रत्येक पेशंटला दोन प्रश्न जास्त विचारायला लागले. रक्त पातळ करायची गोळी आहे का, आणि मी सांगितलेलं तुम्ही आणखी कोणाला सांगणार आहात का? दुसऱ्या प्रश्नाला लोक हसायचे. "कोणाला सांगणार, मॅडम?" म्हणायचे. मग मी म्हणायचे, सांगणार, सगळेच सांगतात. शेजारणीला सांगाल तेव्हा तिची गोळी विचारून मगच सांगा. माझ्या नोकरीत मी काही मोठं केलं असेल तर हा प्रश्न. तो कुठल्या अभ्यासक्रमात नव्हता.

काही वर्षांनी चांगुणाबाईंच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं आणि मला हळदीचं आमंत्रण आलं. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती, बेंजो वाजत होता, पंक्तीवर पंक्ती उठत होत्या आणि मटणाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. माझ्या शेजारी नर्मदाबाई बसल्या होत्या, अंगावर नवी साडी, डोक्यात गजरा. त्यांच्या ताटात वड्यांची रास आणि मटण वाढलं गेलं. त्यांनी हात पुढे केला तेवढ्यात गर्दीतून वाट काढत चांगुणाबाई आल्या. नवरीची आई, कोपरापर्यंत हळद, घामाघूम. त्यांना कोणी इकडून हाक मारत होतं, कोणी तिकडून ओढत होतं. त्यांनी पदराखालून एक झाकलेली वाटी काढली आणि नर्मदाबाईंच्या ताटात मटणाच्या शेजारी ठेवली. माठाची भाजी होती, गरम, लसणाची फोडणी घातलेली.

"पयली ही," त्या म्हणाल्या.

"अगो, आज तुज्या पोरीची हलद! आज तरी सोर!"

"हलद हाय म्हनून काय गोली नाय खाल्लीस?"

"खाल्ली."

"मंग खा."

नर्मदाबाईंनी मान खाली घालून मुकाट्याने वाटी रिकामी केली. तोवर नवरीची आई तिथेच उभी होती, मांडव तिची वाट बघत होता तरी. रिकामी वाटी हातात आल्यावरच तिने दुसरा हात पुढे केला. नर्मदाबाई तो धरून उठल्या, एका झटक्यात, दुसऱ्या कोणाच्या आधाराची वाट न बघता, आणि दोघी बेंजोच्या दिशेने नाचायला गेल्या.